दिवा वाढला

शिरीष, तू गेल्यापासून मी एक खोटं बोलतेय आणि आता ते माझ्या हाताबाहेर चाललंय. आधी तुला सांगते, मग इतरांना सांगायचा धीर आला तर बघू. माझ्या खोट्यापायी गल्लीतल्या वॉल्टरने अन्न टाकलंय. ब्याऐंशी वर्षांचा माणूस रे. परवा त्याने दारावरची हिरवी फांदी उतरवून ठेवली. आपल्या गल्लीत फांदी लावलेली असली म्हणजे या, बसा, वाईन प्या. फांदी नसली म्हणजे दार बंद. ऐन सुगीत त्याच्या दारावरून फांदी उतरलेली या गल्लीत कुणाला आठवत नाही.

तू म्हणशील, नवरा जाऊन तीन आठवडे नाही झाले आणि ही बाई वॉल्टरचं काय घेऊन बसलीय. अरे, रडणंही चालू आहे. सकाळी चहाला दोन कप काढते आणि तिथेच ओट्याला टेकून रडते, मग एक कप परत ठेवते. पण रडण्याने वॉल्टर जेवणार नाही.

तेरावा शॉमबर्गच्या आपल्या घरी केला. सगळं आपल्या रेवाने केलं, मुलगी असून गुरुजींनी कुरकुर न करता करू दिलं. मंडळाच्या बायका डबे घेऊन आल्या. जी ती जवळ बसून हळूच विचारायची, कसं झालं गं? मी सांगायची, तळघरात वायू साठला होता, दिवा तर चांगला जळत होता, काही कळलंच नाही. पहिल्यांदा सांगताना जीभ अडखळली. सातव्या-आठव्या वेळेला मी ते इतकं सफाईने सांगितलं की माझं मलाच खरं वाटलं.

दिवा जळत नव्हता, शिरीष. ते तुला आणि मला ठाऊक आहे. तुला खरंच ठाऊक होतं का, एवढंच मला कळत नाही, आणि त्याच्यावरच सगळं अडलंय.

तू मला या गल्लीत पहिल्यांदा आणलंस तेव्हा मी तोंड वाकडं केलं होतं. कंपनीने तुला नारळ दिला त्याला महिना झाला होता. मी घाबरून गेले होते, आणि तू म्हणालास, दिलाय ना नारळ, मग वाढवू या, काहीतरी सुरू करू या. साडेपाच तास ड्राइव्ह करून आपण मिसूरी नदीच्या काठच्या या गावात आलो. टेकडीच्या पोटात ओळीने खोदलेली अकरा तळघरं, प्रत्येकाला दगडी कमान, जाड लाकडी दार, दारापुढे चार बाकांची खोली आणि वर राहायची जागा. कधीकाळी जर्मनीहून आलेल्या लोकांनी खोदलेली. सातव्या दारापुढे उभा राहून तू म्हणालास, हे विकाऊ आहे. मी म्हणाले, असू दे. तू ऐकणार थोडाच!

आईला मिरजेला फोन करून काय सांगायचं हा माझ्यापुढचा पेच. आमच्या माहेरी द्राक्ष म्हणजे फार तर बेदाणा. मी सांगितलं, ह्यांनी द्राक्षाच्या रसाचा व्यवसाय काढलाय. तू मागे उभा राहून ऐकत होतास. फोन ठेवल्यावर पोट धरधरून हसलास आणि तुझ्या नागपुरीत म्हणालास, सरळ गुत्ता म्हण ना वं.

तेच तर आपलं एकतीस वर्षांचं भांडण. आमच्या घरी वाईट शब्द तोंडातून काढायचा नाही. बांगडी फुटत नाही, वाढते. कुंकू संपत नाही, वाढतं. दिवा विझत नाही, वाढतो. बाहेर पडताना जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं. तुझे वडील शाळेत विज्ञान शिकवणारे. तुमच्याकडे फुटली म्हणजे फुटली आणि संपलं म्हणजे संपलं. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मी तुला ऑफिसात फोन केला की माझं मंगळसूत्र वाढलंय, येताना डेव्हनच्या देशी बाजारात सोनाराकडे थांबायला लागेल. तू विचारलंस, वाढलंय? किती इंच? आणि ते मंडळाच्या गणपतीत चारचौघांत सांगितलंस. दोन दिवस मी तुझ्याशी बोलले नव्हते.

मग रेवा चार वर्षांची असताना शाळेत जाऊन टीचरला सांगून आली की आईची बांगडी ग्रो झाली. टीचरने आपल्याला विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. त्या रात्री तू हसला नाहीस. म्हणालास, वसू, पोरीचा गोंधळ होतोय, आता या घरात जे आहे ते सरळ म्हणायचं. पोरीसाठी म्हणून मी कबूल झाले. आणि पाळलंही, हे तू मान्य करशील. गेली वीस-बावीस वर्षं आपल्या घरात वाढलं म्हणजे फक्त वाढलं. वजन वाढलं, शुगर वाढली, घराचा टॅक्स वाढला.

तेव्हा त्या दुपारी माझ्या तोंडून तो शब्द आला कुठून?

पाचवी माळ होती. एरवी नवरात्रात मी शॉमबर्गला घट बसवायची आणि सुगीचं तू इथे एकटा निभवायचास, वॉल्टर मदतीला. या वर्षी तूच म्हणालास, गुडघे बोलतात आता, तू ये, घट इथेच बसव. मी वरच्या खोलीत घट बसवला, नंदादीप लावला. खाली तळघरात चार हौदांमध्ये द्राक्षं आंबत होती. वर देवी आणि खाली दारू, यावरून तू मला दिवसभर चिडवत होतास. खरं सांगू, बरं वाटत होतं मला. कित्येक वर्षांनी आपण सुगीत एकत्र होतो. सकाळी मी थालीपिठं लावायची, बाकांवर बसलेली ती तांबूस तोंडांची माणसं लोणचं मागून मागून खायची, आणि तू पेले भरता भरता त्यांना सांगायचास की माझ्या बायकोच्या माहेरी ह्याला द्राक्षाचा रस म्हणतात.

तळघरात उतरायची रीत तू मला पहिल्या वर्षीच शिकवलीस, तुला वॉल्टरने शिकवली. रस आंबतो तेव्हा त्यातून वायू सुटतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि जड म्हणून तो तळाशी बसतो. म्हणून आधी काठीला मेणबत्ती बांधून ती गुडघ्याच्या उंचीवर धरायची आणि एकेक पायरी उतरायचं. ज्योत गेली की पाय मागे. दोन्ही दारं सताड उघडायची, पंखा लावायचा, अर्धा तास थांबायचं. दर सुगीत दोन-तीनदा असं होतंच, कुणाला त्याचं काही वाटत नाही. वायू मोजायचा मीटरही आता गल्लीत सगळ्यांकडे आहे. आपल्याकडेही आहे. तो त्या दुपारी स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला होता.

मेणबत्ती घेऊन मी उतरले, कारण तुझे गुडघे. तू वर दाराशी, हौदात तरंगणाऱ्या साली खाली ढकलायचा दांडा धूत होतास. चौथ्या पायरीवर ज्योत बारीक झाली आणि गेली. मी लगेच वर आले. ओठांवर शब्द होता, विझली. पण पाचवी माळ, वर अखंड दिवा, आणि समोर तू उभा. तुझ्याकडे बघत, नवरात्रात, विझली म्हणायला माझी जीभ उचलेना. मी म्हणाले, अरे, दिवा वाढला.

तू हसलास. म्हणालास, "वाढला ना? मग झालं तर."

त्या हसण्याचं काय करू मी, शिरीष? नारळ वाढवू या म्हणणारा माणूस तू, तुला तो शब्द चांगला माहीत होता. मला वाटलं तू मला चिडवतोयस, की नवरात्र आलं आणि ही बाई पुन्हा माहेरच्या वळणावर गेली. मला वाटलं आता पंखा लावशील. आणि मी थांबले नाही. खालचा दिवा गेला म्हटल्यावर मला वरच्याची काळजी लागली. तेल कमी तर नाही ना पडलं, या भीतीने मी जिना चढून वर पळाले. तुला तिथे दांडा हातात घेऊन उभा सोडून मी नंदादीपाला तेल घालायला गेले. तो व्यवस्थित जळत होता. मी वात सारखी केली, हात जोडले, दोन मिनिटं टेकले. खाली आले तर पंख्याचा आवाज नव्हता.

तू शेवटच्या पायरीखाली पालथा होतास. मी हाका मारल्या. वॉल्टरकडे धावले. त्याने नाइन वन वन लावला आणि तसाच आत घुसायला लागला, म्हाताऱ्याला मी कमरेला धरून मागे ओढलं. मास्क लावलेले लोक आले तोवर सगळं झालं होतं.

मग शेरीफच्या ऑफिसचा एक तरुण माणूस वही घेऊन माझ्यापाशी बसला. फार मऊ बोलत होता. त्याने विचारलं, मेणबत्ती जळत होती का? मी म्हणाले, येस. का म्हणाले, ते तेव्हा कळलं नाही, आता कळतं. नाही म्हटलं असतं तर त्याचा पुढचा प्रश्न होता, मग तुम्ही त्यांना सांगितलं का? आणि त्याचं उत्तर मी कुठल्या भाषेत देणार होते?

एक येस, आणि वर्तुळ केवढं मोठं झालं बघ. गल्लीत सगळीकडे झालं की मेणबत्ती जळत होती आणि तरीही माणूस गेला. दुसऱ्या-तिसऱ्या दाराच्या तरुण मुलांनी सांगितलं की ही जुनी रीत बंद करा. वॉल्टरला कुणी शब्दाने बोललं नाही. पण तोच तर सगळ्यांना शिकवायचा. त्याच्या मनाने घेतलं की आपल्या मेणबत्तीने शिरीषला मारलं.

आज सकाळी तो आला. टोपी हातात, दाढी वाढलेली. रेवा आणि मी तुझ्या बाकांच्या खोलीत आवरत होतो. तो उभाच राहिला. म्हणाला, मी तुम्हा दोघांना चुकीचं शिकवलं, माझा विश्वास होता म्हणून शिकवलं, पण चुकीचं शिकवलं. मला माफ करता येईल का?

आणि तुझ्या बायकोने काय केलं माहीत आहे? मी त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाले, इट्स ओके, वॉल्टर. आय फर्गिव्ह यू.

माझ्या अपराधाची माफी मी त्यालाच दिली. तोंड वर करून दिली. तू असतास तर पुन्हा कधी माझ्याशी बोलला नसतास.

इथवर परवा लिहिलं आणि वही मिटली. पुढचं आज लिहितेय.

काल संध्याकाळी भांडी पुसता पुसता रेवा म्हणाली, आई, तू वॉल्टरना फर्गिव्ह केलंस, पण तू त्यांच्याकडे बघत नव्हतीस. तू माझ्याकडेही बघत नाहीस. मी म्हणाले, थकलेय गं. तुझी पोरगी आहे ती, सोडते काय! फडकं खाली ठेवून तिने खुर्ची ओढली आणि विचारलं, बाबा आत जायच्या आधी तू त्याला काय म्हणालीस? एग्झॅक्टली काय?

मी सांगितलं, दिवा वाढला म्हणाले.

"ओके. सो इट गॉट ब्रायटर?"

लख्ख, सरळ अर्थ. या घरात वाढलेल्या मुलीला दुसरा अर्थ माहीत असायचं कारणच नव्हतं, तो तूच तर घराबाहेर काढला होतास. मी तिला सांगितलं की वाढला म्हणजे विझला. मिरजेचं सांगितलं, बांगडीचं सांगितलं, पाचव्या माळेचं सांगितलं, वर तेल घालायला पळाले तेही सांगितलं. मला वाटलं आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी म्हणाले, त्याला तो शब्द माहीत होता गं, त्याने मला कितीदा चिडवलंय त्यावरून. कदाचित त्याला कळलं होतं आणि तरी तो गेला, दोन मिनिटांचं काम म्हणून.

रेवा म्हणाली, "मीपण आत गेले असते, आई."

एवढंच. मग उठून तिने उरलेली भांडी पुसली. रात्री माझ्या खोलीचं दार थोडं उघडून ती झोपली. तिने मला माफ केलं की नाही, मी विचारलं नाही. पण आज सकाळी ती कोट घालून दारात उभी होती, चल म्हणाली, मीपण येते.

वॉल्टरच्या दाराकडे निघालो. चार दारं तर मध्ये, पण मी दोनदा थांबले. रेवाने माझा दंड धरला नाही, फक्त माझ्याबरोबर थांबली. शिरीष, मला तुझा राग येत होता. एकदा वाटलं, तू तो शब्द घरातून काढला नसतास तर तू जगला असतास. मग वाटलं, मी तो पूर्ण काढला असता तर तू जगला असतास. दोन्ही खरं आहे. आणि तू हसलास कशाला, हे तर मी मरेपर्यंत तुला विचारत राहणार आहे.

वॉल्टरने दार उघडलं. आत ये म्हणाला. मी आत गेले नाही, उंबऱ्याबाहेरच बोलले, नाहीतर पुन्हा गोड बोलून परत आले असते. इंग्रजीत वाढला म्हणता येत नाही, हे एक बरं. मी म्हणाले, मेणबत्ती विझली होती, वॉल्टर. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. तुझ्या मेणबत्तीने तिचं काम केलं. मी शिरीषला नीट सांगितलं नाही, आणि नंतर सगळ्यांशी खोटं बोलले. तुझ्याशीही. आज मी शेरीफच्या ऑफिसला जाऊन हे सांगणार आहे.

त्याने दाराची चौकट धरली. त्याचे डोळे भरले, पण ते माझ्यासाठी नव्हते, एवढं मला कळलं. मग त्याने विचारलं,

"मग परवा तू मला माफ का केलंस?"

इतका सरळ प्रश्न मला जन्मात कुणी विचारला नव्हता, तूसुद्धा नाही. आणि पहिल्यांदाच मी त्याला सरळ उत्तर दिलं. म्हणाले, कारण तू गुन्हेगार असलास तर मी नसते.

त्याने मान हलवली. आज मला काही बोलता येणार नाही म्हणाला, आणि दार लावून घेतलं. हळूच लावलं, आपटलं नाही. शेरीफच्या ऑफिसला जायला रेवा आणि मी गाडीत येऊन बसलो. ती म्हणाली, आई, ते माफ करतील, वेळ दे. करेल किंवा नाही करणार, ती त्याची मर्जी. तो जिवंत आहे, त्याच्याकडे मी पुन्हा जाऊन उभी राहू शकते, उद्या, परवा, दर आठवड्याला. तुझ्याकडे कशी येऊ? तीन आठवडे मी सगळ्यांना सांगतेय, शिरीष गेला, शिरीष गेला, जसा काही डेव्हनला जाऊन येणार आहेस. तू मेलास, शिरीष. तू मेलास, आणि मी तुला नीट सांगितलं नाही म्हणून मेलास.